आतली तारीख

बंगळूरच्या बळेपेटेतल्या 'प्रभात टेलर्स'चे मालक गुंडूराव यांनी एकतीस वर्षांच्या धंद्यात कुठल्याही गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं. दसऱ्याच्या तोंडावर सुटाचं कापड घेऊन येणाऱ्याला नाही म्हटलं नाही, की आठ दिवसांत बारा लाल कोट मागणाऱ्या बँडवाल्यांना नाही म्हटलं नाही. सगळ्यांना ते एकच सांगत, "गुरुवारी या."

गुरुवार त्यांनी अनुभवानं निवडला होता. गुरुवारी बंगळूरची माणसं राघवेंद्रस्वामींच्या मठातून नाहीतर साईबाबांच्या देवळातून येतात. कपाळाला अंगारा असतो, हातात प्रसाद असतो, आणि प्रसाद हातात असलेला माणूस सहसा आवाज चढवत नाही.

दुकानात प्रत्येक कपड्याला दोन तारखा असत. एक पावतीवर, शाईनं लिहिलेली, ती गिऱ्हाइकाच्या शांततेसाठी. दुसरी कापडाच्या उलट्या बाजूला, शिंप्याच्या खडूनं, शिवल्यावर आत दडेल अशा जागी. ही आतली तारीख कामाची. कपडा त्या दिवशी खरोखर पुरा होई आणि गुंडूराव तारखेखाली एक आडवी रेघ ओढत. पावतीवरची तारीख आणि आतली तारीख यांत साधारण महिना-दोन महिन्यांचं अंतर असे. एवढं अंतर सगळ्या पेटेनं धरूनच ठेवलं होतं. दिवाळीचे कपडे लोक गणपतीत टाकत.

हे अंतर मान्य नसलेला माणूस नेमका घरातच होता. गुंडूरावांची मुलगी रूपश्री हिला आतल्या तारखेची माहिती होती. पण पावती ही छापील वस्तू होती, आणि छापलेलं खोटं असू शकतं हे तिच्या मनाला कधी शिवलंच नाही. सात वर्षांची असताना एका तहसीलदाराला तिनं काउंटरवर चढून सांगितलं होतं, "अण्णांनी गुरुवार लिहिलाय, म्हणजे गुरुवार." तहसीलदारांनी तिला पेपरमिंट दिलं आणि पुढचे पाच गुरुवार ते येत राहिले. आता ती बावीस वर्षांची होती, एम.कॉम. पहिल्या वर्गात झाली होती, आणि तहसीलदार निवृत्त झाले होते. मत कायम होतं.

पुस्तक दुकानात आलं ते शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, विद्याधरमुळे. विद्याधर हा पुण्याचा. कोरमंगलात पेइंग गेस्ट म्हणून राहायचा, एका कंप्यूटर कंपनीत होता आणि ऑगस्टात शिकायला अमेरिकेला जाणार होता. तिकडे शिलाई परवडत नाही असं त्याला कुणीतरी सांगितल्यामुळे त्यानं तीन पँटी आणि एक कोट एवढं कापड फेब्रुवारीत टाकलं होतं. चार गुरुवार फुकट गेल्यावर पाचव्या गुरुवारी तो काउंटरशी स्टूल ओढून बसला. तेव्हा बोलता बोलता त्याला कळलं की काउंटरमागच्या मुलीलाही तीच परीक्षा द्यायचीय, जी देऊन तो मोकळा झाला होता. जीमॅट, अमेरिकेत मॅनेजमेंट शिकायला द्यावी लागते ती. गुण चांगले पडले तर तिकडची काही विद्यापीठं फी माफ करतात आणि वर शिकवण्याचं कामही देतात, हे तिनं कुठूनतरी वाचून ठेवलं होतं. तयारीचं पुस्तक तेवढं नव्हतं.

"माझ्याकडे आहे ना," विद्याधर म्हणाला. "सातशे पानांचं. ओरिजिनल. काका, एक डील करूया का? माझं कापड तुमच्याकडे आहे, तर माझं पुस्तकही तुमच्याकडे राहू दे. कपडे रेडी झाले की ते घेऊन मी पुण्याला जाणार. घरी भेटून यायचंय, आणि पुस्तक धाकट्या भावाला द्यायचंय. तो ऑक्टोबरला बसतोय. तोपर्यंत हिला वापरू दे."

"झेरॉक्स काढली तर?" रूपश्रीनं विचारलं.

"नको हां, प्लीज. झेरॉक्सवाला दाबतो आणि बाइंडिंग जातं. भाऊ मला मारेल."

"मग तोपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?"

"ते तुझ्या वडिलांना विचार."

"गुरुवारी," गुंडूराव मशीनवरून मान वर न करता म्हणाले. सवयीनं.

रूपश्रीनं ते खरं धरलं आणि सहा दिवसांत दीडशे पानं वाचून काढली. बुधवारी संध्याकाळी तिचे डोळे सुजले होते. आई सुनंदाबाईंनी तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि म्हणाल्या, "स्वल्प सावकाश वाच, बाळ. तुझ्या अण्णांच्या हातात कापड आहे तोवर त्या पुस्तकाला मरण नाही."

मग तिनं शिस्त लावली. दुपारी दोन ते चार पेटेत गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात ती दुकानाच्या पाटावर बसून प्रश्न मोठ्यानं वाचायची आणि मराठीत सांगायची, कारण दुसऱ्याला समजावलं की आपल्याला समजतं असं पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापलं होतं. दुसरे म्हणजे गुंडूराव, आणि कोपऱ्यात बसून काजं करणारा नंदू. नंदू पन्नाशीचा होता, वीस वर्षं दुकानात होता, आणि काजं सोडून बाकी सगळ्या विषयांवर त्याचं मत होतं. घड्याळाची गरज पडली नाही. एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं, आणि गुंडूरावांना पँटीची बाजूची शिवण मारायला बरोबर दीड मिनिट लागतं. मशीन थांबलं की वेळ संपली.

"एका गावात दुधाच्या बाटल्या बंद होऊन पिशव्या आल्या," रूपश्रीनं पहिल्या दिवशी वाचलं. "त्यानंतर डेअरीकडे येणाऱ्या तक्रारी निम्म्यावर आल्या. यावरून डेअरीचा मॅनेजर म्हणतो की पिशवीमुळे दूध सुधारलं. त्याचं म्हणणं सर्वांत लंगडं कशानं पडेल?"

मशीन धडधडत होतं. रूपश्री पेन्सिल चावत होती. दूध सुधारलं असं मॅनेजर स्वतः म्हणत असताना त्याच्यावर शंका घेणं तिला जड जात होतं. मॅनेजर होता तो शेवटी.

"तक्रार करायचा पत्ता बाटलीवर छापलेला असणार," गुंडूराव म्हणाले. "पिशवीवर नसेल."

मशीन थांबलं. रूपश्रीनं मागची उत्तरं पाहिली. पर्याय तिसरा, शब्दाला शब्द.

"अण्णा, तुम्ही हे आधी वाचलं होतं?"

"मी कशाला वाचतोय? सत्त्याऐंशी साली आपण पावतीवरचा फोन नंबर काढून टाकला. लगेच काम सुधारलं."

दुसऱ्या दिवशी एक हॉटेलवाला निघाला. त्यानं जेवायला आलेल्या शंभर नेहमीच्या गिऱ्हाइकांना विचारलं, त्यातले पंचाण्णव खूश होते, म्हणून आमचं जेवण गावात उत्तम. "ज्यांना आवडलं नाही ते नेहमीचे झाले कशाला असते?" गुंडूराव सुईत दोरा ओवताना म्हणाले. तिसऱ्या दिवशी छत्र्या विकणारा, चौथ्या दिवशी एक नगराध्यक्ष. पंधरवड्यात गुंडूरावांनी चौऱ्याऐंशी प्रश्नांपैकी एक्याऐंशी बरोबर दिले, तेही पाच पर्याय न ऐकता. एकतीस वर्षं रोज दहा माणसं त्यांच्यासमोर उभं राहून पटवत होती की आमचंच काम आधी का झालं पाहिजे. अमेरिकेत असे युक्तिवाद पुस्तकात घालतात आणि मुलं पैसे भरून सोडवतात, याचंच त्यांना नवल वाटे.

उताऱ्यांचं मात्र उलट होतं. उतारा आला की रूपश्री शांत, एकही उत्तर चुकायची नाही, आणि गुंडूराव अडकून पडत. त्यांना उताऱ्यातल्या माणसांची काळजी लागे. एक उतारा माशांचा होता. नदीत वाढलेले मासे एका वयात समुद्राकडे निघतात, हजारो मैल जातात, वाट त्यांना कशी सापडते यावर दोन शास्त्रज्ञांचा वाद आहे. वाद अर्ध्यावर असताना उतारा संपला.

"मग परत येतात का?" गुंडूरावांनी विचारलं.

"ते दिलं नाहीये, अण्णा."

"प्रश्नात तरी विचारलंय?"

"नाही. लेखकाचा सूर कसा आहे ते विचारलंय. संयत टीकेचा, असं उत्तर आहे."

"मासे गेले समुद्रात आणि ह्यांना सूर पाहिजे," नंदू काज कातरत म्हणाला. त्या दिवशी गुंडूरावांची एक शिवण तिरकी गेली.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी रूपश्रीनं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "अण्णा, परीक्षा पंधरा जूनला आहे. समजा गुण चांगले पडले, समजा फी माफ झाली, तर जाऊ ना मी? पुढच्या वर्षी ऑगस्टात जावं लागेल."

थोरली मुलगी लग्न होऊन हुबळीला गेली तेव्हा गुंडूरावांनी तीन दिवस मशीनला हात लावला नव्हता, आणि हुबळी रात्रीच्या गाडीनं सकाळी येते. ह्या मुलीला नाही म्हणायचं होतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडात बसतच नसे.

"बघू," ते म्हणाले. "गुरुवारी बघू."

"सरी, ठीक," रूपश्री म्हणाली आणि आनंदानं पुढचा प्रश्न उघडला. गुरुवार तीनच दिवसांवर होता.

सुनंदाबाईंनी हे आतून ऐकलं. जेवायला वाढताना त्या म्हणाल्या, "त्या पोरीला तुम्ही गिऱ्हाईक केलंत."

"मी काय केलं? बघू म्हटलं."

"पाठवायचं नसेल तर सांगा. पाठवायचं असेल तर सांगा. ती तुमच्या गुरुवारावर विश्वास ठेवणारी जगातली एकटी आहे. तिलाही लटकवू नका."

गुंडूरावांनी भातात सारू कालवलं आणि विचार केला. न बोलता नाही म्हणायची काही सोय असली तर बरं. तिसऱ्या घासाला ती सोय सापडली. पुस्तक विद्याधरच्या कपड्यांना बांधलेलं होतं. कपडे झाले की पुस्तक जाणार. पुस्तक गेलं की तयारी अर्धवट. अर्धवट तयारीला गुण कुठून पडणार? नाही म्हणणारे मग अमेरिकावाले असतील, गुंडूराव नसतील. गुंडूराव आपले वेळेवर काम देणारे शिंपी ठरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विद्याधरचं कापड फडताळातून काढलं. नंदूनं काजाची सुई खाली ठेवली.

"हे फेब्रुवारीचं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"अजून जानेवारीचे राहिलेत."

"माहीत आहे रे."

"मालक, छातीत वगैरे दुखतंय का?"

गुंडूराव सकाळी लवकर, रूपश्री खाली यायच्या आत, शिवायला बसू लागले. दुपारी ती प्रश्न घेऊन आली की दुसऱ्या कुणाच्या पँटीची शिवण मारत. नंदूला शपथ घातली. तीन पँटी झाल्या. कोटाचं अस्तर स्वतः हातानं टाचलं. बुधवारी, एक मे रोजी, कोटाच्या आतल्या खिशामागे लिहिलेल्या तारखेखाली त्यांनी रेघ ओढली, कपडे इस्त्री करून खाकी कागदात बांधले आणि लोखंडी कपाटात ठेवले. पावतीवर गुरुवार होता. उद्या गुरुवार होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानातलं काम पावतीच्या एक दिवस आधी तयार होतं, आणि हे कुणाला सांगता येत नव्हतं.

गुरुवारी विद्याधर आला. कपाळाला अंगारा नव्हता. पुण्याचा होता.

"काका, हा अकरावा गुरुवार," तो स्टुलावर बसत म्हणाला. "मी आता लॉजिकनं सांगतो. दहा वेळा तुम्ही गुरुवार म्हणालात आणि कपडे मिळाले नाहीत. सो अकराव्यांदाही मिळणार नाहीत."

गुंडूराव कपाटाकडे निघाले होते. हातात किल्ली होती.

"हे अनुमान कच्चं आहे," रूपश्री काउंटरमागून म्हणाली. तिनं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं होतं. गुरुवार म्हणजे गुरुवार, या हिशोबानं ती दर गुरुवारी गुंडाळायची. "दहा वेळा झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही, हे कशावरून? दहा वेळांची कारणं दहा असतील. एकदा वीज नव्हती, एकदा नंदूमामा आजारी होते. आणि अण्णांनी गुरुवार म्हटलं की कपडा गुरुवारीच मिळतो. कुठल्या गुरुवारी, एवढंच पावतीवर नसतं."

"ब्युटिफुल," विद्याधर म्हणाला. "पण महिन्यापूर्वी तूच सांगितलंस की डेअरीच्या मॅनेजरवर तू विश्वास ठेवतेस."

"अजून ठेवते. पण आता कारण विचारते."

गुंडूरावांनी किल्ली कपाटाला लावली होती. मुलीला कधी नव्हे ते युक्तिवादातलं एक भोक दिसलं होतं आणि तिनं ते बापाच्या बाजूनं बुजवलं होतं, नेमकं आजच. कपाट उघडलं की ती बरोबर ठरणार होती. अण्णांचा गुरुवार खरा झाला म्हणून हसणार होती, आणि हसत हसत पुस्तक विद्याधरच्या हातात देणार होती. दीड महिना बाकी होता. अजून अडीचशे पानं बाकी होती.

त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"झाले का?" विद्याधरनं विचारलं.

"निवडणुका आहेत," गुंडूराव म्हणाले.

"माझ्या पँटींचा निवडणुकीशी काय संबंध?"

"कार्यकर्त्यांचे कुर्ते आहेत. गुरुवारी या."

कोपऱ्यात नंदूला ठसका लागला. रूपश्रीनं पुस्तकावरचं वर्तमानपत्र पुन्हा सोडलं.

खोटं बोलण्याची गुंडूरावांना सवय होती. पण आजवरचं खोटं हे न झालेल्या कामाबद्दल होतं. झालेलं काम झालं नाही म्हणणं त्यांना नवीन होतं आणि जमत नव्हतं. नऊ मेला त्यांनी सांगितलं, अस्तर मुंबईहून यायचंय. विद्याधर म्हणाला, कोटाचं ठीक, पँटींना अस्तर कशाला? सोळाला सांगितलं, मशीनचा पट्टा तुटला. सांगताना ते मशीन चालवत होते. तेवीसला त्यांना काहीच सुचेना, तर नंदूनं मदत केली आणि मालकांच्या सासुरवाडीकडचं एक माणूस मारलं. रूपश्रीनं आत जाऊन आईला विचारलं, कोण गेलं? सुनंदाबाई म्हणाल्या, "मला अजून कळवलं नाही."

आणि इथंच घोटाळा होत होता. दुपारच्या तयारीनं रूपश्री दिवसेंदिवस तिखट होत चालली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मशीन थांबायच्या आत उत्तरं द्यायला लागली. नगराध्यक्ष, छत्रीवाले, औषध कंपन्या, कुणालाही सोडत नव्हती. पुस्तक संपलं तशी तिची नजर दुकानात फिरू लागली. चालू मशीनचा तुटलेला पट्टा तिनं पाहिला. मे महिन्यात कुर्त्याचं एकही कापड दुकानात आलं नाही हेही तिच्या ध्यानात आलं. आणि दहा जूनला, सोमवारी, तिनं नंदूला सहज विचारलं, "नंदूमामा, कोटाच्या बाहीला चार काजं शोभतात की तीन?"

"चार," नंदू म्हणाला. "विद्याधररावांच्याला चारच केली."

मग त्यानं, आधीच दोरा असलेल्या सुईत, पुन्हा दोरा ओवायला घेतला.

गुंडूराव दुपारचे जेवून खाली आले तेव्हा लोखंडी कपाट उघडं होतं. खाकी कागद काउंटरवर नीट घडी करून ठेवला होता. रूपश्रीच्या मांडीवर कोट होता, आतला खिसा बाहेर काढलेला, आणि खडूची एक मे ही तारीख थोडी पुसट झाली असली तरी वाचता येत होती. खालची रेघही.

"बसा, अण्णा," ती म्हणाली. "एक प्रश्न आहे."

ते मशीनवर बसले. समोर कुणाची तरी पँट होती. त्यांनी बाजूची शिवण लावून घेतली.

रूपश्रीनं एका पावतीच्या पाठीवरून वाचायला सुरुवात केली. "एका शिंप्यानं एका गिऱ्हाइकाचे कपडे आयुष्यात पहिल्यांदाच वेळेआधी पुरे केले. कपडे दिले की एक पुस्तक दुकानातून जाणार होतं. नंतर सहा आठवडे शिंप्यानं ते कपडे कपाटात ठेवले आणि दर गुरुवारी नवीन कारण सांगितलं. यावरून पुढीलपैकी काय निष्कर्ष निघतो? अ, शिंपी विसरला. आ, शिंप्याचं गिऱ्हाइकाशी वाकडं होतं. इ, पुस्तक जावं असं शिंप्याला वाटत होतं. ई, पुस्तक जाऊ नये असं शिंप्याला वाटत होतं. उ, इ आणि ई दोन्ही बरोबर."

मशीन धडधडत राहिलं. शिवण संपली, कापड संपलं, आणि सुई काही क्षण नुसत्या हवेवर टाके घालत राहिली.

"दोन्ही कसं बरोबर असेल?" गुंडूराव म्हणाले. "एकाच्या उलट दुसरं आहे."

"तारखा वेगळ्या आहेत. इ एक मेपर्यंत. ई दोन मेपासून."

गुंडूरावांनी पायपट्टीवरून पाय काढला. असा प्रश्न त्यांच्या एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर धंदा चालला नसता.

"उ," ते म्हणाले.

"बरोबर." तिनं पावतीवर खूण केली. डोळे पुसले नाहीत, पण नाक एकदा ओढलं. "अण्णा, एप्रिलमध्ये मी विचारलं होतं, जाऊ ना? तुम्ही गुरुवारी बघू म्हणालात. मी त्या गुरुवारी तयार होऊन बसले होते. मग पुढच्या. तो पावतीवरचा गुरुवार होता ना?"

"हो."

"मला पावतीवरची नको. आतली तारीख सांगा. नाही असेल तर नाही सांगा, मी शनिवारचा पेपर देईन आणि सोडून देईन."

सुनंदाबाई दारात येऊन उभ्या होत्या. नंदूनं काजाचा कोट तोंडासमोर धरला होता. गुंडूरावांनी तोंड उघडलं. नाही हा शब्द जिभेपर्यंत आणला. तिथं तो गिऱ्हाइकासारखा उभा राहिला.

ते उठले. सगळ्यात वरच्या फळीवरून त्यांनी एक कापड काढलं. गडद निळं, जाड लोकरीचं. बंगळूरच्या हवेत ते घालायला माणूस आजारी असावा लागतो, म्हणून अकरा वर्षं पडून होतं. त्यांनी ते टेबलावर उलटं पसरलं, खडूचं टोक ब्लेडनं तासलं, आणि कोपऱ्यात लिहिलं: ऑगस्ट ९७.

"ट्रायलला कधी येऊ?" रूपश्रीनं विचारलं.

"गुरुवारी," गुंडूराव म्हणाले, आणि डोळ्यांत दोरा गेला म्हणून आत निघून गेले. हे कारण सुनंदाबाईंनाही पटलं नाही, पण त्यांनी वाट सोडली.

पंधरा जूनला परीक्षा झाली. वीसला, गुरुवारी, विद्याधर आला तेव्हा काउंटरवर खाकी पुडकं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक शेजारी शेजारी ठेवलेलं होतं. त्यानं दोनदा डोळे चोळले. मग पडद्यामागे जाऊन पँट घातली आणि दोन्ही हातांनी कंबर धरून बाहेर आला.

"काका, ही ढगळ आहे. खाली घसरतेय."

गुंडूरावांनी टेप लावला. पेइंग गेस्टच्या जेवणानं फेब्रुवारीपासून पोराची अडीच इंच कंबर खाल्ली होती.

"म्हणून सांगतो, कपडे आधी शिवू नयेत," गुंडूराव म्हणाले. "माणूस बदलतो."

"पण तुम्ही आधी कुठे शिवलेत? आत्ताच झाले ना?"

काउंटरमागून रूपश्री पुढे झाली. तिनं पँट हातात घेतली, कंबरपट्टी उलटी केली, पावतीपुस्तक ओढलं आणि न अडखळता लिहिलं. "गुरुवारी मिळेल," ती विद्याधरला म्हणाली. पुस्तक तेवढं आजच घेऊन जा असंही म्हणाली, कारण पुस्तकाचा आता गुरुवाराशी संबंध नव्हता. तो गेल्यावर गुंडूरावांनी कंबरपट्टीच्या आत पाहिलं. खडूनं लिहिलं होतं: उद्या, शुक्रवार. तिनं पावतीवर सहा दिवस जास्त लावले होते. अक्षर त्यांच्यासारखंच होतं.

जाता जाता तिनं सांगितलं, "अण्णा, माशांचं मी लायब्ररीत बघून आले. परत येतात."

"सगळे?"

"सगळे नाही." खोटं बोलायला ती अजून गिऱ्हाइकांपुरतीच शिकली होती.

गुण ऑगस्टात आले. फी माफ झाल्याचं पत्र पुढच्या मार्चात आलं. निळं कापड तोवर वरच्या फळीवरच होतं. खडूचं असं आहे की महिन्याभरात तो पुसट होतो, आणि कापड हलवलं तर त्याहून लवकर. म्हणून दर गुरुवारी, संध्याकाळची गिऱ्हाइकं यायच्या आत, गुंडूराव ते कापड खाली काढत, टेबलावर उलटं पसरत, खडूला टोक काढत आणि ऑगस्ट ९७ पुन्हा गिरवून ठेवत.